नायोबीचा पदर

ऐन तासाला वीज गेली आणि पडद्यावरचं नायोबीचं, त्या ग्रीक पुराणातल्या आईचं, शिल्प विझलं. ग्रीक-रोमन कलेतली स्त्री शिकवायची, आणि चित्रंच नाहीत. पण संयोगिता मॅडम हात चोळत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पहिल्या बाकावरच्या अनुजाला पुढं बोलावलं.

"गुडघ्यावर बस. माझ्या कमरेला मिठी मार. तोंड पोटाशी लपव."

अनुजा बसली. मॅडमनी डाव्या हातानं पदर डोक्यावर उंच धरला, उजव्या हातानं पोरीला जवळ ओढलं आणि मान वर केली. मागं कुणीतरी खुसखुसलं.

"हसा. लेकरांवरून देवीपुढं तोरा मिरवला, म्हणून देवांनी या नायोबीची सगळी लेकरं बाणांनी टिपली. ही शेवटची. तिला झाकायला आईकडं काय आहे? हा पदर. यानं बाण अडत नाही, हे आईलाही ठाऊक आहे."

खुसखुस थांबली.

"अनू."

दारात अनुजाचा थोरला भाऊ धैर्यशील उभा होता. "मॅडम, हिला न्यायला आलोय. बिद्रीचं पाव्हणं घरात बसल्यात. आजच सुपारी फोडायची हाय."

"सोमवारी तिची परीक्षा आहे."

"लगीन झाल्यावर दील की."

ते 'दील की' किती खरं, हे वर्गातली प्रत्येक मुलगी जाणत होती. गेल्या सत्रात क्रांतीलाही असंच नेलं होतं, 'चार दिसांत धाडतो' म्हणून. तिची जागा अजून रिकामी होती.

अनुजानं तोंड वर केलंच नाही. कमरेची मिठी मात्र इतकी घट्ट झाली, की मॅडमना श्वास घेता येईना. साडीतून पुटपुट आली, "मॅडम, सोडू नगासा."

काय करणार होत्या त्या? स्थळाची कुणकुण लागली तेव्हाच विभागप्रमुखांना सांगून झालं होतं, अनुजाच्या आईच्या हातापाया पडून झालं होतं. खाली गाडी चालूच ठेवलेली ऐकू येत होती.

घंटा झाली.

"तास संपला न्हवं?" म्हणत धैर्यशील आत आला.

एरवी पुस्तकातल्यासारखं बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडून गावाकडची बोली निघाली. "संपल्याला न्हाई. भाईर थांब."

तो थांबला नाही. पोरी जागच्या हलल्या नाहीत. मॅडमचा डावा हात भरून आला होता. त्यांनी पदर आणखी वीतभर वर उचलला.