पासेकबाईंच्या आवारातली हरणी

हरणीने कुंपणावरून उडी मारली आणि ती आयरीन पासेकच्या आवारात, वाळल्या झुडपांशी जाऊन बसली. बरगड्यांच्या जरा मागे बाणाची पिसं दिसत होती.

आयरीन हे स्वयंपाकघरातून पाहत होती. फोनवर तिचा मुलगा डेल क्लीव्हलंडहून ओरडत होता. "आई, बाबांचा श्वास असा लागलाय आणि तू अजून अँब्युलन्स बोलावली नाहीस?"

आतल्या खोलीत स्टॅनची घरघर चालू होती. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. घरी ठेवायचं की पुन्हा हॉस्पिटलात न्यायचं, हे आता बायकोने ठरवायचं होतं. मागच्या खेपेला स्टॅनने जाताना दाराची चौकट घट्ट धरली होती. त्याची बोटं तिलाच सोडवावी लागली. आयरीनला आता अँब्युलन्स बोलावण्याची भीती वाटत होती आणि न बोलावण्याचीही.

"थांब, आलेच," म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवला आणि ती बाहेर आली. राग काढायला कुणीतरी हवंच होतं.

तो बाण मारणारा शिकारी, व्हर्न टटल, कुंपणापलीकडे पाचोळ्यात मांडी घालून बसला होता. मांडीवर लाकडी धनुष्य. इतर शिकाऱ्यांची चाकं लावलेली आधुनिक धनुष्यं त्याला खेळणी वाटत. हरणं बागा फस्त करतात म्हणून नगरपालिकेने धनुष्यबाणाने शिकार करायची मुभा दिली, तेव्हा आयरीनने सगळ्या गल्लीला बजावलं होतं, माझ्या आवारात कुणी पाऊल टाकायचं नाही. तिने हो म्हटल्याशिवाय व्हर्नला कायद्याने आत येता येत नव्हतं.

"ये आत. दिली परवानगी," ती म्हणाली. "तुझी घाण तूच उचल."

"येईन, मिसेस पासेक. पण आत्ता नाही. जरा हळू बोला."

"मारायची हौस होती ना? मग आता हातावर हात ठेवून काय बसलास? काहीतरी कर."

"बाण काळजात न लागता मागे, पोटात लागला. चूक माझीच," व्हर्न म्हणाला. "पण मी आता जवळ गेलो तर ती उठेल. अंगात जीव नसताना पळेल आणि कुठेतरी रस्त्यावर, गाड्यांच्या मध्ये जाऊन पडेल. इथे तिला कुणी त्रास दिला नाही तर निवांत प्राण सोडेल."

"आणि तू नुसता बघत बसणार?"

"बसणार. सगळ्यात अवघड काम तेच असतं."

हरणीने एकदा कान हलवले, मग मान पाचोळ्यावर टेकली. व्हर्नने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आयरीन बराच वेळ उभी राहिली आणि मग पाय न वाजवता घरात गेली.

फोन चालूच होता. "आई? बोलावलीस का अँब्युलन्स?"

"नाही. ती नको. तू इकडे यायला नीघ," आयरीन हळू आवाजात म्हणाली. "आणि आलास की बेल वाजवू नकोस."