योनासची सायकल

आमच्या भुसावळच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लोक देवाला वस्तू अर्पण करतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. यंदा केळीचे घड गेले, कोंबड्या गेल्या, मग पाळकांनी योनासची सायकल पुढे आणली. पोरगा पावसाळ्यात तापाने गेला. सायकल त्याच्या आईबापानेच देवाला दिलेली.

बोली कोणीच लावेना. विकली गेली नाही तर त्यांची त्यांना परत मिळेल, एवढंच प्रत्येकाच्या मनात.

शेवटी त्याचे वडील, शांतवनभाऊच उठले. "दोनशे."

बापाचा जीव अडकलाय, असं सगळ्यांनी धरलं. पाळकही भराभर म्हणाले, "दोनशे एक वार, दोनशे दोन वार..."

"अहो, थांबा," शांतवनभाऊ म्हणाले. "मी नुसती सुरुवात करून दिली. देवाला दिलेलं मला परत नेऊ देऊ नका. कोणीतरी वाढवा. घरात राहिली की एस्तेर रोज पुसत बसते तिला."

बायकांच्या रांगेतून योनासच्या आईचा आवाज आला, "मी पुसते. आणि रोज हवा कोण भरतं, तेही सांगा."