दुर्बिणीचा स्क्रू

मिशिगनात हरणांच्या शिकारीचा मोसम चार दिवसांवर आला, तरी वेंडेलच्या ठासणीच्या बंदुकीची एक गोळी पूर्वेला तर दुसरी पश्चिमेला.

"वरची दुर्बीण ढिली झालीय, दुसरं काय!" तो करवादला.

अर्लीन नवऱ्याच्या थरथरत्या हाताकडे बघत होती. मापातली निम्मी बंदुकीची दारू नळीऐवजी बुटांवर सांडत होती; प्रत्येक बार कमी-जास्त भरला जात होता.

"आण इकडे, मी आवळते स्क्रू."

स्क्रू घट्टच होते. तिने ते तपासून तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदुकीसोबत तिने दारू मोजून भरलेल्या तीन कुप्या दिल्या.

तिन्ही गोळ्या निशाणावर बशीएवढ्या जागेत बसल्या.

"बघ, दुर्बीणच होती!"

"मग! तू म्हणालाच होतास."

रिकाम्या कुप्या तिच्या ओंजळीत ठेवत तो हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षीही स्क्रू तूच आवळ हं."