पसंतीची बंदूक

“ही खांद्याला लावून बघ, पोरी. हिच्यापुढे आधीच्या तीन म्हणजे जत्रेतली खेळणी,” लायनेल गारबट म्हणाला आणि त्याने आपल्या दुकानाच्या भिंतीवरची चौथी एअर रायफल हॅरिएटच्या हातात दिली.

हॅरिएट मागच्या दारात गुडघे वर घेऊन बसली, स्पर्धेत बसतात तशी. समोर कुरणाच्या टोकाला पत्र्याचा कावळा उभा होता. त्याच्या छातीत एक भोक. छर्रा भोकातून गेला की कावळा आडवा. कडेला लागला की नुसता टण्ण आवाज आणि शून्य गुण. तिने चाप ओढला. कावळा पडला.

ती काही खूश झाली नाही. तिला कावळा पाडायचा नव्हता, लायनेल गारबटला पाडायचं होतं. येत्या मोसमात, त्याच्याच मैदानावर, त्याच्याच दुकानातून घेतलेल्या बंदुकीने, सगळ्या लिंकनशर परगण्याच्या देखत.

नऊ वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात तिचे वडील, विल्फ स्केल्टन, या लायनेलच्या दोन गुणांनी पुढे होते. दुपारी नेहमीप्रमाणे प्रत्येकाच्या बंदुकीचा जोर यंत्रावर मोजला गेला. कायद्याची हद्द बारा फूट-पाउंडांची. विल्फची बंदूक निघाली पावणेतेराची. क्लबच्या सचिव एनिडबाईंनी ध्वनिक्षेपकावर त्यांचं नाव वाचून त्यांना बाद केलं आणि करंडक लायनेलने घरी नेला. “जोर वाढवायचा स्क्रू मी फिरवलेला नाही,” विल्फ येईल त्याला सांगत राहिले. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या बंदुका क्लबच्या कपाटात होत्या, हे खरं. कपाटाची एक किल्ली लायनेलकडे असायची, हेही खरं. पण चार वेळच्या विजेत्यावर संशय कोण घेणार?

हॅरिएटनेही घेतला नाही. उलट, “बाबा, चूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा ना एकदाचे,” असं ती त्यांना म्हणाली होती. त्यांनी बंदूक पेटीत घातली, पेटी माळ्यावर टाकली आणि पुन्हा कधी उघडली नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले. दफनाच्या वेळी लायनेल तिचा हात हातात घेऊन म्हणाला, “नेम चांगला होता हो त्याचा. नियत तेवढी असायला हवी होती.” त्या दिवसापासून तिचं डोकं थंड झालेलं नव्हतं.

आज ती पेटी तिने बरोबर आणली होती. जुनी मोडीत देऊन नवी घ्यायची, असा बेत होता.

“बरं, चौथी नको तर ही पाचवी बघ,” लायनेल म्हणाला. त्याने तिचा लाकडी दस्ता सोडवून आतलं काम दाखवलं. “आहे की नाही घड्याळासारखं?”

आत एका बारीक स्क्रूवर हिरवा ठिपका होता.

“हा ठिपका कसला?”

लायनेलची छाती फुगली. “ती माझी सही, पोरी! जोराचा स्क्रू बसवला की वर एक थेंब. म्हणजे स्क्रू हलत नाही. बायकोचं नेलपॉलिश आणि माझ्या होडीचा उरलेला रंग. हा हिरवा अख्ख्या इंग्लंडात दुसरीकडे मिळायचा नाही. तीस वर्षांची सवय आहे. झोपेत स्क्रू फिरवला तरी हात आपोआप बाटलीकडे जाईल माझा. काय हो एनिडबाई?”

एनिडबाई खिडकीशी बसून रविवारच्या सामन्याची गुणपत्रकं लावत होत्या. त्यांनी चष्मा काढून दाखवला. दांडीच्या स्क्रूवर हिरवा थेंब होता. “नुसता घट्ट करून दे म्हटलं होतं मेल्याला!”

लायनेल खो खो हसला. हॅरिएटला हसू आलं नाही. तिने आपल्या पेटीकडे पाहिलं.

“मिस्टर गारबट, बाबांच्या बंदुकीचं काम तुम्ही कधी केलं होतं का?”

“विल्फच्या? छे! तो बायकोलासुद्धा तिला हात लावू द्यायचा नाही. मी तर तिचा दस्ताही कधी सोडवलेला नाही. शपथेवर सांगतो.”

“ऐकलंत, एनिडबाई?”

“ऐकलं की. का गं?”

हॅरिएटने पेटीच्या कड्या उघडल्या. लायनेलची नजर पेटीवरून टेबलावरच्या हिरव्या बाटलीवर गेली, आणि तिथेच थांबली. त्याचा चेहरा उतरला.

“राहू दे, राहू दे,” तो घाईघाईने पुढे झाला. “इतकी वर्षं पडून असलेली बंदूक अशी उघडायची नसते. मी मागे नेऊन बघतो.”

हॅरिएटने पेटीवर हात आडवा टाकला. “लांब राहा. नऊ वर्षं हिला कुणी हात लावलेला नाही. एनिडबाई, स्क्रूड्रायव्हर तुम्ही घ्या.”

एनिडबाईंनी दस्त्याचा स्क्रू सोडवला. दस्ता सुटला. त्यांनी चष्मा नीट बसवला, आणि वाकून आत पाहिलं.

“हिरवा आहे,” त्या म्हणाल्या. “लायनेल, त्या दिवशी विल्फचं नाव मी वाचलं होतं रे. सगळ्यांसमोर. रविवारी त्याच ध्वनिक्षेपकावर तुझं वाचणार आहे.”

लायनेलने टेबलावरची हिरवी बाटली खिशात टाकली.

हॅरिएटने वडिलांची बंदूक पुन्हा जोडली, पेटीत ठेवली. मग पाचवी बंदूक उचलून तिने त्याच्यापुढे सरकवली.

“ही नको,” ती म्हणाली. “तुम्हाला पाडायला बाबांचीच पुरली.”