दोन पारे

"सारखेच आहेत," नात टाचा उंचावून म्हणाली. "याचाही अठरा, त्याचाही अठरा."

"म्हणजे काय?" आजोबांनी विचारलं.

"हवेचं पोट भरलंय. आणखी वाफ मावायची नाही. जरा गारठलं की त्या वाफेचे थेंब होणार आणि धुकं पडणार."

"मग होडी?"

"नाही सुटणार." तिने पाठीवरची पिशवी खाली आपटली. हा चौथा रविवार होता.

आजोबा तळ्याकाठच्या हवामान केंद्राचे निरीक्षक. झडपांच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक होते. एक उघडा, दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीची पट्टी, तिचं टोक पाण्याच्या कुपीत. दोन्ही पारे सारखे दिसले की आजोबा लाल बावटा चढवत आणि होडी थांबे.

नातीची आई, म्हणजे आजोबांची एकुलती लेक, पलीकडच्या काठाला गेली होती. नोकरीचं पक्कं करते, खोली बघते आणि तुला नेते, असं सांगून गेली होती.

"एक पत्रसुद्धा नाही," नात पुटपुटली.

"कामाच्या रगाड्यात असेल," आजोबा म्हणाले. तळ्याकडे त्यांची पाठ होती. हल्ली ती तशीच असे.

नवा नावाडी हाताला लागलेला होडीचा ओला रंग पुसत वर आला. त्याने आभाळाकडे पाहिलं नाही, आजोबांकडे पाहिलं. "आज नाही ना?"

"काका, आभाळ तर धुतल्यासारखं आहे!" नात म्हणाली.

"तुझ्या आजोबांपुढे शहाणपण करायची माझी टाप नाही, बाई," असं म्हणून तो घाईघाईने खाली उतरला.

नात पेटीपाशीच रेंगाळली. "आजोबा, ओला पारा एरवी खाली का असतो?"

"बोट ओलं कर. फुंकर मार. कसं वाटतं?"

"गार."

"पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं. हवा भरलेली असली की पाणी उडत नाही, मग पाराही उतरत नाही."

"आणि पट्टीच सुकली असेल तर? पाणीच नाही तर उडणार काय? तेव्हाही दोन्ही सारखेच दिसतील ना?"

एरवी अशा प्रश्नाला आजोबांनी पाठ थोपटली असती. आज त्यांनी नोंदींची वही मिटून पेटीवर ठेवली.

तिने पेटीत हात घातला. पट्टी खडखडीत कोरडी होती. टोक कुपीबाहेर नीट दुमडून ठेवलेलं.

तिने ते पाण्यात सोडलं, पट्टी भिजवली आणि वहीने वारा घातला. पारा घसरला. सतरा. सोळा. चौदा.

"धुकं नाहीच!" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही मुद्दाम केलंत! चारही रविवार! एकटे पडाल म्हणून मला आईकडे जाऊ देत नाही तुम्ही!"

आजोबांनी पेटीचा खांब घट्ट धरला.

"आई गेली तेव्हा नाही आडवं आलं धुकं!" तिने पिशवी उचलली.

"त्या सकाळीही पारे सारखेच होते, बाळा," आजोबा म्हणाले. "आदल्या आठवड्यात पट्टी दोनदा सुकली होती. तेव्हाही सुकलीच असणार असं मी धरून चाललो. हात लावून पाहिलं नाही. बावटा उतरवला, तुझ्या आईला हात देऊन होडीत बसवलं. मग परत येऊन पट्टी चाचपली. ओलीचिंब होती. ती होडी पलीकडे पोचलीच नाही."