तळहाताखाली

शालू घरात कुणाशी बोलत नव्हती, म्हणून तिच्या नवऱ्याने, भागवतने, तिला नव्या जालन्यातल्या योगवर्गात घातलं. ती रोज जायची, सांगतील ते करायची आणि घरी येऊन पुन्हा तशीच बसायची.

सध्या राजकुमारीदीदी नौली शिकवत होत्या. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पोट आत ओढायचं आणि मधला स्नायू डावीउजवीकडे फिरवायचा. बाकीच्या बायकांना जमत आलं होतं, शालूला नाही. आज दीदींनी तिचा हात धरून तिच्याच पोटावर ठेवला.

"डोळे मिटा, शालूताई. जोर बिलकुल लावू नका. हललं की मला सांगा."

बऱ्याच प्रयत्नांनंतर तळहाताखाली काहीतरी सरकलं.

"हललं," श्वास घेत शालू म्हणाली.

"बघा, बराबर जमून राह्यलं!" दीदी म्हणाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या शवासनात आडव्या झाल्या.

"पोटावरचा हात बाजूला घ्या आता," दीदी तिला म्हणाल्या.

"राहू द्या थोडा वेळ," शालू म्हणाली.



मागच्या वर्षी सातव्या महिन्यात बाळ हलायचं थांबलं, तेव्हापासून तिने पोटावर हात ठेवलाच नव्हता.