सोनकीचा पट्टा

तात्या मयेकर पिशवी घेऊन झपाझप एसटी डेपोकडे निघाले. आपण कधीच निवृत्त झालो, हे ते विसरले होते. मागोमाग त्यांची मांजर, सोनकी.

हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवणारा आणि ठरलेली हद्द ओलांडताच थरथरणारा पट्टा सून सुचेता त्यांच्या मनगटावर बांधायला गेली, तेव्हा ते कडाडले होते, "मी काय सुटलेलं ढोर आहे?" मग तिने तो सोनकीच्या गळ्यात घातला. सोनकीने आधी खूप ओरबाडला, नंतर मिरवू लागली.

नाक्यावर तात्या हमरस्त्याकडे वळताच पट्ट्याने सोनकीच्या मानेला हलकी गुदगुली केली. सुचेताने शिकवलेली खूण तिला पाठ होती. ती धावत पुढे गेली आणि ऐटीत त्यांना आडवी गेली.

तात्या थबकले. मुलांची नावं पुसली गेली होती, पण मांजर आडवं गेलं की पुढे जायचं नाही, हे डोक्यात शाबूत होतं. ते चरफडत मागे फिरले. सोनकी शेपटी ताठ करून घराच्या वाटेने पुढे चालू लागली.

"सूनबाई, या मांजरीला आधी हाकल. मला ड्यूटीवर जाऊच देत नाही!"

"हाकलते हं, तात्या," सुचेता म्हणाली, आणि तव्यावरच्या बांगड्याचा मधला तुकडा तिने सोनकीपुढे ठेवला.